बॅग भरायच्या आधी

जुलै लागला की काही घरांत एक वेगळीच गडबड सुरू होते. आखातात नोकरीला निघालेल्या मुलाचा निरोप आपल्याकडे नवा नाही. दम्माम, दोहा, कुवेत ही नावे नई जिंदगीतल्या लहान पोरालाही पाठ असतात. उमराहला निघालेल्यांच्या गळ्यात हार घालायची तर आपल्याला सवयच आहे. पण पंधरा-सोळा वर्षांचे मूल दहा महिन्यांसाठी परदेशी जाते, आणि तेही कमवायला नाही, पदवी आणायला नाही, तर एका अनोळखी कुटुंबात त्यांच्या घरचे होऊन राहायला आणि तिथल्या शाळेत जायला, हे आपल्या घरांना नवे आहे. म्हणून दादी विचारते, "कशाला?" आणि या एका शब्दाचे उत्तर घरात कोणाकडेच तयार नसते.

या महिन्यात आम्ही त्याच घरांशी बोलणार आहोत, जिथे निवड झाली आहे, तारीख जवळ आली आहे आणि बॅग अजून माळ्यावरच आहे.

आधी थोडी माहिती, कारण अफवा फार आहेत. अशा योजनांतली आपल्या मुलांशी थेट संबंध असलेली एक म्हणजे अमेरिकेची केनेडी-लुगर युथ एक्स्चेंज अँड स्टडी, थोडक्यात 'यस'. ११ सप्टेंबर २००१ च्या घटनेनंतर अमेरिका आणि मुस्लिम जग एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, तेव्हा एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने २००२ साली ती सुरू झाली. मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या देशांतली शाळकरी मुले अमेरिकन घरात राहावीत आणि एकमेकांना जवळून पाहावे, ही कल्पना. भारतात तिचे काम एएफएस ही संस्था पाहत आली आहे. या संस्थेची गोष्टही सांगण्यासारखी आहे. दोन महायुद्धांत जखमींना उचलून आणणाऱ्या अमेरिकन रुग्णवाहिका चालकांची ही संघटना. इतकी माणसे मेलेली पाहिल्यावर त्यांनी ठरवले की आता एका देशाची मुले दुसऱ्या देशाच्या घरात राहायला पाठवायची, आणि १९४७ पासून ती पाठवू लागले. रोटरीचीही अशीच युवा विनिमय योजना आहे, पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांसाठी. तिच्यात मुले एका वर्षात एकापेक्षा जास्त घरांत राहतात.

'यस'मध्ये तिकीट, विमा, शाळा आणि दरमहा थोडा हातखर्च योजनेतून मिळतो. ज्या घरात मूल राहते त्या घराला मात्र पैसे मिळत नाहीत. ते लोक हौसेने मूल सांभाळतात. हे आईवडिलांनी नीट लक्षात घ्यावे. आपले मूल तिथे भाडेकरू म्हणून जात नाही, पाहुणा म्हणूनही फार दिवस राहत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला भांडी घासायला सांगतील आणि ते योग्यच आहे.

"तिकडेच राहील, परत येणार नाही," ही दुसरी भीती. ती व्हिसाच्या नियमातच मिटलेली आहे. सरकारी खर्चाने अशा व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला पुढे अमेरिकेत नोकरी किंवा कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा तर आधी दोन वर्षे मायदेशी राहणे बंधनकारक असते. शेजारच्या चाचींना हे जरूर सांगा. त्याहून खरी काळजी अकरावी-बारावीची आहे. वर्ष पुन्हा करावे लागेल की नाही, हे कॉलेजकडून निघण्याआधी लेखी घ्यावे. तोंडी "बघू" यावर विसंबू नये.

आता घराकडे वळू. आमच्या ओळखीच्या एका घरातली सोळा वर्षांची मुलगी यंदा निघाली आहे. पासपोर्ट झाला, मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात व्हिसाची मुलाखत झाली. राहिले आहे ते एकच: कोणत्या घरात जायचे ते. ते घर ऑगस्ट उजाडेपर्यंतही कळत नाही कधीकधी. त्यामुळे दिवसातून वीस वेळा मोबाइल उघडून ईमेल पाहिला जातो. अमेरिकेचा नकाशा भिंतीवर लागला आहे आणि धाकटा भाऊ रोज एका नव्या राज्यावर बोट ठेवून म्हणतो, "आपा, इथे बर्फ पडतो, इथे नको." अम्मी मसाले कुटते. अब्बा पूर्वी न बोलणारे, ते आणखी गप्प झाले आहेत. आणि येणारा प्रत्येक नातेवाईक मुलीला एक सूचना देऊन जातो. हे खाऊ नको, तिथे जाऊ नको, त्यांच्याशी हात मिळवू नको, कुत्र्याला शिवू नको, नमाज सोडू नको.

आम्ही त्या मुलीला विचारले, "मग तू काय करणार?" ती म्हणाली, "नको-नकोची यादी पाठ झाली आहे. पण तिथे टेबलावर बसल्यावर त्यांना सांगायचे काय, ते कोणीच सांगत नाही."

तिने नेमके बोट ठेवले. आपण मुलांना मनाई शिकवतो, मागणी शिकवत नाही. घरात मुलाला कधी मागावे लागलेच नसते. घरात हलालच शिजते, अजान खिडकीतून ऐकू येते, रमजानमध्ये गल्लीच सहरीला उठवते. जी गोष्ट न मागता मिळत आली, ती परक्या माणसाला समजावून कशी मागायची, हे शिकायला हेच दोन महिने आहेत.

जेवणाचेच घ्या. "मी मुस्लिम आहे, मी पोर्क खात नाही," एवढे बहुतेक अमेरिकनांना माहीत असते. पुढचे माहीत नसते. कोंबडीचे काय? दुकानातले मांस चालेल की फक्त जबीहाच? ज्यू लोकांचे कोशर चालेल? अहले किताबच्या मांसाबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि आपापल्या घरी लोक ज्याच्या-त्याच्या मौलानांना विचारून वागतात. आमचे म्हणणे एवढेच, की हा निर्णय मोठ्यांनी बसून आता घ्यावा आणि मुलाला एका वाक्यात सांगावा. दिवसभराच्या शाळेनंतर भुकेल्या पोराने अनोळखी स्वयंपाकघरात उभे राहून फतवा शोधावा, असे त्याच्यावर सोडू नये. निर्णय "मासे, अंडी, भाज्या आणि डाळी खाईन" असा असेल तर यजमानीण बाईंनाही सोपे जाते. पॅकेटवरचे शब्द वाचायची सवय इथूनच लावावी. जिलेटिन काय असते, लार्ड म्हणजे डुकराची चरबी, पेपरोनीत बहुधा डुकराचे मांस असते, मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई जिलेटिनवर उभी असते. मुलगी हुशार असेल तर अर्ध्या तासात शिकते. तिची अम्मीही शिकली तर फोनवरची निम्मी चौकशी वाचेल.

आणि आता शेंगा चटणीबद्दल. सोलापूरचे घर आणि बॅगेत शेंगा चटणी नाही, हे होणे नाही. पण इथे आम्ही जरा थांबवतो. अमेरिकेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली बरीच मुले असतात. काहींना ती जिवावर बेतते. काही शाळांत शेंगदाण्याचा पदार्थ आणायलाच बंदी असते, काहींत त्यासाठी वेगळे टेबल असते. प्रेमाने नेलेली चटणी वर्गात उघडली आणि शेजारच्या मुलाला दम लागला, तर काय घ्या! म्हणून यजमान कुटुंबाचे नाव कळताच पहिल्या दोन-चार प्रश्नांत हा असावा: घरात कोणाला शेंगदाणा चालत नाही असे आहे का? चालत असेल तर खुशाल न्या, कडक भाकरीही न्या. ती टिकते आणि तुटली तरी चव तीच. मांसाचा कोणताही पदार्थ, ताजी फळे-भाज्या, बी-बियाणे नेता येत नाही. आणि खाण्याचे जे काही नेले असेल ते विमानतळावर विचारल्यावर सरळ सांगायचे. लपवले तर डबाही जातो आणि दंडही होतो.

नमाजाबद्दल थोडे सविस्तर. प्रवासात नमाज कसर होते हे मुलांना माहीत असते, आणि काही मुले दहा महिने प्रवासातच आहोत असे धरून चालतात. तसे नाही. हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याची नीयत केली की माणूस मुकीम होतो, नमाज पूर्ण पढावी लागते. कोकणातल्या आमच्या शाफई वाचकांकडे ही मुदत चार दिवसांचीच आहे. म्हणजे यजमानांच्या घरी पोचल्यावर नमाजही पूर्ण आणि रमजान आला की रोजेही. हल्ली रमजान शाळेच्या वर्षातच येतो. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कँटीनऐवजी लायब्ररीत बसू द्याल का, हे शिक्षकांना विचारायचे वाक्य तयार हवे.

किब्ल्याचा प्रश्न तर मजेचा आहे. सोलापुरात किब्ला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला. आपल्या मुलांच्या अंगात तो असा मुरलेला असतो की ती सूर्य मावळताना पाहून सफ लावतात. अमेरिकेत मग उलट, पूर्वेला वळायचे, असे कोणीही सांगेल. पण शिकागोहून किंवा न्यूयॉर्कहून किब्ला ईशान्येला येतो. विश्वास बसत नसेल तर शाळेतून पृथ्वीगोल आणा, एक दोरा मक्केवर धरा, दुसरे टोक शिकागोवर ठेवून ताणा. दोरा उत्तर अटलांटिकवरून वर चढून जाताना दिसेल. त्या घरात आम्ही हा प्रयोग केला, तेव्हा इतके दिवस गप्प असलेले अब्बा पहिल्यांदा उठून गोलाजवळ आले. तासभर दोरा त्यांच्याच हातात होता. धाकट्याने सोलापूर, मुंबई, टोकियो सगळीकडून मक्केला दोरे लावून घेतले.

हिवाळ्यात तिथले दिवस फार लहान. उत्तरेकडच्या राज्यांत डिसेंबरात साडेचारच्या सुमारास मगरीब होते. म्हणजे जोहर, असर, मगरीब एकापाठोपाठ एक येतात आणि असर बऱ्याचदा शाळा सुटताच गाठावी लागते. उन्हाळ्याच्या टोकाला इशा रात्री दहानंतर. हे वेळापत्रक छापून मुलाच्या वहीत चिकटवले तर बरे. आणि हो, अम्मीच्या फोनचेही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात तेव्हा इथे संध्याकाळचे सात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे करतात, मग आपले आठ होतात. त्या दिवशी मुलीचा फोन तासभर उशिरा आला म्हणून सगळ्या खानदानाला जागे करू नये.

मुलींच्या बाबतीत ओढणीची चिंता सगळ्यांत आधी बोलली जाते. २००३ साली ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावी सहावीतल्या एका मुलीला हिजाबमुळे शाळेने घरी पाठवले होते. प्रकरण कोर्टात गेले. अमेरिकेचे न्याय खाते मुलीच्या बाजूने उभे राहिले आणि २००४ मध्ये तडजोड होऊन तिला हिजाबसह शाळेत बसता आले. तिथल्या सरकारी शाळांत हा हक्क आज सहसा नाकारला जात नाही. याचा अर्थ कोणी टोमणा मारणारच नाही असा नाही. टोमणा मारला तर कोणाला सांगायचे, ते नाव आणि फोन नंबर मात्र पाठ हवा. या योजनांत प्रत्येक मुलामागे त्या भागातली एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असते. घर पटले नाही, भीती वाटली, काही विचित्र घडले, तर तिला सांगून घर बदलता येते. हे मुलीला तिच्या अम्मीनेच सांगावे, आणि असे सांगावे की "तक्रार केलीस तर घराण्याचे नाव जाईल" हा विचार तिच्या मनात येऊ नये. आमच्या मते साऱ्या तयारीत हे एक वाक्य सर्वांत मोलाचे आहे आणि घरोघर तेच राहून जाते.

कुत्र्याचेही आताच लिहून टाकावे. तिकडे घरोघर कुत्रा असतो, सोफ्यावर असतो, कधी पलंगावरही. अर्जात आवडनिवड विचारतात, तिथे स्पष्ट लिहावे. तरी कुत्रा असलेले घर मिळालेच, तर "मला कुत्रे घाण वाटतात" असे न म्हणता "नमाजाच्या आधी त्याची लाळ अंगाला लागली तर मला धुवावे लागते, म्हणून माझी खोली बंद ठेवीन" असे म्हणावे. पहिल्या वाक्याने मन दुखते, दुसऱ्याने दार बंद ठेवायची आठवण घरातले लहान मूलही ठेवते.

येथवर झाले मागायचे. आता द्यायचे. तिथे नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह असतो, त्यात या मुलांना आपल्या देशाबद्दल शाळांमधून बोलायचे असते. मुले ताजमहाल आणि बॉलिवूड घेऊन जातात. ते तर त्यांना आधीच माहीत असते! सोलापूरच्या मुलीने सोलापूर न्यावे. निघण्याआधीच्या एका रविवारी दादाजींना बरोबर घेऊन गावात फिरावे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर उभे राहून चारही नावे वाचावीत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात हे चौघे फाशी गेले. कुर्बान हुसेन तेव्हा ऐन विशीत होते आणि 'गझनफर' हे पत्र चालवत होते. तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे. एका लिंगायत, एका मारवाडी, एका मराठा आणि एका मुसलमान तरुणाची ही गोष्ट ती ज्या वर्गात सांगेल, तिथे "तुमच्याकडे धर्माधर्मांत भांडणेच असतात ना" या प्रश्नाला वेगळे उत्तर द्यावे लागणार नाही. या गावात घरी दखनी, बाजारात मराठी, शेजारी तेलुगू आणि जोडभावी पेठेच्या दुकानात कन्नड ऐकत वाढलेले पोर परक्या भाषेला घाबरत नाही, हेही तिने स्वतःच ओळखलेले बरे. भेट म्हणून सोलापुरी चादर न्यावी. जड असते खरी, पण त्या बर्फाच्या गावात कामाला येईल आणि विणली कशी जाते ते सांगताना पंधरा मिनिटे सहज जातील. त्यासाठी एकदा मागावर जाऊन बघावे लागेल, एवढेच.

भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकातही जावे. हा सोलापूरचा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला. १९३८ मध्ये जपानच्या हल्ल्याखाली सापडलेल्या चीनला मदत करायची म्हणून सुभाषबाबूंनी आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबरला मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. तिकडे जाऊन ते चिनी बोलायला शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले, मुलाचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच वारले. बाकीचे चौघे परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यावरून शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. ही गोष्ट निघायच्या तोंडावर कशाला, असे एका आईने आम्हाला विचारले. तिची धास्ती समजते. कोटणीस युद्धात गेले होते, ही मुलगी शाळेत चालली आहे. पण आजही चीनहून येणारे पाहुणे सोलापूर हे नाव याच एका माणसामुळे ओळखतात. एका मुलाने गावाचे नाव किती दूर नेऊन ठेवावे, ते तिला बघू द्या.

मुलींनी जाऊच नये म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक नाव. अतिया फैजी, मुंबईच्या. १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिका होण्याचे शिक्षण घ्यायला गेल्या. तिथून त्या रोजनिशी लिहून पाठवत आणि ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या बायकांच्या पत्रात छापून येई. पुढे तिचे पुस्तकही झाले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी परद्यातल्या बायका आपल्यासारख्याच एका घरगुती पत्रात एका मुलीचे परदेशातले दिवस वाचत बसत होत्या. आमची त्या मुलीला विनंती आहे की तिनेही वही न्यावी. लिहिलेले पाठवले तर या पानावर जागा आहे.

परवा तिचे घर कळले. मिशिगन राज्यातले लहान गाव, नवरा-बायको, दोन मुले आणि अर्थातच एक कुत्रा. मशीद गाडीने पाऊण तासावर आहे. त्या बाईंनी पहिल्याच ईमेलमध्ये लिहिले होते की जुम्म्याला शाळेमुळे जमणार नाही, पण ईदला आम्ही तिला नक्की नेऊ. आणि शेवटी विचारले होते: तिला सकाळी काय खायला आवडते?

मुलगी लगेच उत्तर लिहायला बसली. अम्मीने तिला थांबवले आणि म्हणाली, "हे मी सांगणार. तू इंग्रजीत कर." चार दिवस झाले, पत्र अजून पुरे व्हायचे आहे. पहिल्या दिवशी नाश्ता लिहून झाला. दुसऱ्या दिवशी अम्मीला आठवले की ताप आला की ही बोलत नाही, गप्प पडून राहते, ते त्यांना कसे कळणार, तेही घातले. तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा प्रश्न. काल अब्बा आतून येऊन म्हणाले, "लिही, तिला अंधाराची भीती वाटते. सांगणार नाही ती, पण वाटते." मुलगी "अब्बा!" म्हणून ओरडली, आणि मग तेही इंग्रजीत लिहिले.